साळूची गोधडी आणि हजरीची घंटा

एकदा काय झालं, एका राजाला भर दरबारात जांभई आली. चांगली ऐसपैस, जबडा दुखेल एवढी. सगळा दरबार घाबरला. कारण त्या नगरात जांभई द्यायला बंदी होती, बरं का. जांभई म्हणजे झोप, आणि झोप तर तिथं कुणी पुरती घेतलीच नव्हती.

का नव्हती? तर त्या राजाच्या आजोबांनी एक घंटा ओतून घेतली होती. हजरीची घंटा. वाड्यासमोरच्या मनोऱ्यावर ती टांगलेली असे. दर प्रहराला ती वाजायची, आणि वाजली की घरोघरच्या माणसांनी उठून उंबऱ्यात यायचं आणि म्हणायचं, "हजर." दिवसा म्हणायचं, रात्रीही म्हणायचं. ताप आला तरी म्हणायचं. बाळंतिणीनंही म्हणायचं. आणि ती घंटा काही साधी नव्हती. जितके लोक हजर म्हणत, तितकी ती मोठी व्हायची. सुरुवातीला तांब्याएवढी होती, मग घागरीएवढी झाली, मग रांजणाएवढी. शेवटी ती मनोऱ्यात मावेना, तर मनोराच पाडून नवा बांधला. लोक डोळे चोळत चोळत हजर म्हणायचे आणि घंटा वाढत राहायची. अशा दोन पिढ्या गेल्या. माणसं चालता चालता भिंतीला टेकून डोळे मिटायची. पोरं ताटात मान टाकायची.

मग म्हातारा राजा गेला आणि हा जांभईवाला राजा गादीवर बसला. लहानपणी जांभई दिली म्हणून यानं फार फटके खाल्ले होते. आता फटके मारणारं कुणी उरलं नव्हतं. त्यानं मनसोक्त जांभई दिली आणि म्हणाला, "घंटेचा लोलक काढा."

लोलक काढला. मग काय झालं? नगर झोपलं. गाईंना धारेची वेळ झाली, त्या हंबरायला लागल्या, तरी कुणी उठेना. आंबलेलं पीठ भांड्याबाहेर आलं. झोपलं ते झोपलंच नगर, पोट भरेपर्यंत.

आता त्या नगरात राहायची साळू. साळू गोधड्या शिवायची. जुनी लुगडी, जुनी धोतरं, एकावर एक घालून बारीक दोऱ्यानं भरायची. पण साळूला दचकायची फार सवय. ताटली पडली की दचके. चिमणी भुर्रकन उडाली की दचके. स्वतःच शिंकली तरी दचके. दचकली की सुई वाकडी जायची आणि गोधडीवर एक तिरका टाका पडायचा. मग लोक गोधडी उलगडून बघायचे आणि म्हणायचे, "ही साळूचीच. हे बघा, इथं कुठंतरी मांजर धपकन पडलेलं दिसतंय."

साळूला एक धाकटा भाऊ होता, येसा. आईबाप लवकर गेले, तेव्हा साळूनंच त्याला कडेवर वाढवला. येसा आता राजाच्या शिपायांत होता. उंचीनं सगळ्या शिपायांत लहान. का लहान? लहानपणी तो अंगणात झोपला होता आणि साळू धावत आली, कुठंतरी काहीतरी खळ्ळकन वाजलं, ती दचकली आणि त्याला ओलांडून पळाली. झोपलेल्याला ओलांडू नये, हे तुम्हाला ठाऊक आहे ना? ओलांडलं तर माणूस वाढायचा थांबतो. आणि चुकून ओलांडलंच, तर आल्या पावली परत फिरायचं, उलटं ओलांडायचं, मग काही होत नाही. त्या नगरात हे तान्ह्या पोरालाही माहीत. पण साळू घाबरून जी पळाली, ती परत फिरलीच नाही. झालं. येसा राहिला बुटका. जेवायला बसला की तो हटकून म्हणायचा, "ताई, वाढ की जरा. तसं मला वाढू दिलं नाहीस, निदान भाकरी तरी वाढ."

तर असं सगळं चाललं होतं. फार चांगलं चाललं होतं असं नाही हं. लोकांना झोप मिळाली, मग त्यांना जाग आली, आणि जागं झाल्यावर ते बोलायला लागले. मीठ महाग झालं म्हणायचे. गल्लीतले दिवे लागत नाहीत म्हणायचे. राजा ऐकून घ्यायचा, थोडं करायचा, थोडं विसरायचा. शाळेच्या पंतोजींनी तर त्याच्यावर एक टिंगलीचं गाणं रचलं. राजानं ते ऐकलं, हसला, आणि मग दोन दिवस रुसून बसला.

पण तीन माणसांना हे अजिबात खपत नव्हतं. एक सेनापती, एक कोतवाल, आणि एक घंटेकरी. घंटेकऱ्याचं तर कामच गेलं होतं. तरी तो बिचारा दर प्रहराला जागा व्हायचा आणि अंधारात हात वर करून दोरी शोधायचा. तिघं एकत्र बसायचे आणि म्हणायचे, "राज्य ढिलं पडलं. माणसं कुठंही बसतात, काहीही बोलतात. पूर्वी कसं होतं, आवाज दिला की उभी."

मग एकदा राजाची कंबर धरली. डोंगरापलीकडं गरम पाण्याचे झरे होते, तिथं तो कंबर शेकायला गेला. तिघांनी काय केलं, झऱ्यावरच्या बंगल्याला बाहेरून कडी घातली आणि पहारा बसवला. इकडं घंटेकऱ्यानं गवताच्या गंजीत लपवून ठेवलेला लोलक काढला, पुसला आणि परत टांगला.

घंटा वाजली.

साळू दचकली. सुई बोटात गेली. शेजारच्या खाटेवर धोंडाक्का पडली होती, नगरातली सगळ्यात म्हातारी बाई. तिनं डोळे न उघडता विचारलं, "काय गं साळे, कोण मेलं?"

"कुणी नाही आक्का. घंटा परत आली."

"मग मेलंच की कुणीतरी."

मग कोतवाल दवंडी पिटत आला. महाराजांना बरं नाही. राज्य आता आम्ही तिघं बघू. आजपासून सगळं पूर्वीसारखं. जो हजर म्हणणार नाही, त्याला धरून नेऊ. एवढं बोलून त्यानं डफावर काठी मारली, तर काठी डफाच्या कडेला लागून घसरली. साळूनं बघितलं, त्याचा हात थरथरत होता. बाकी कुणाच्या ध्यानात आलं नाही, पण साळूच्या आलं. थरथरणाऱ्या हाताची तिला चांगली ओळख होती. ती मनात म्हणाली, अरे, हाही भ्यालाय की.

पण भीती दोन्हीकडं होती, आणि लोक दमलेले होते. घंटा वाजली, लोक उंबऱ्यात आले. हजर. परत वाजली, परत हजर. घंटा इंचभर वाढली. साळूही हजर म्हणाली. सगळेच म्हणाले, मग ती काय करणार?

संध्याकाळी येसा जेवायला आला. भाकरी पुढ्यात घेऊन नुसता बसला.

"ताई, आम्हाला डोंगरापलीकडं नेणार आहेत. महाराजांना आणायला."

"आणायला भाले कशाला लागतात रे?"

 येसानं भाकरीचा तुकडा मोडला, परत ताटात ठेवला.

"तू जाऊ नकोस," साळू म्हणाली.

"मी नको म्हणून कोण ऐकतंय? त्यातून मी बुटका. बुटके पहिल्या रांगेत. तुझ्याच कृपेनं." एरवी हे बोलून तो हसला असता. आज हसला नाही. पाणी प्यायला आणि भाला उचलून गेला.

साळूनं त्याची भाकरी झाकून ठेवली. येसा जाईल, ते काम करून परतही येईल. पण हाताला राजाचं रक्त लावून जो परत येईल, तो आपला येसा नसेल. तो ताटावर बसून भाकरी वाढ म्हणणार नाही. एवढं तिला कळलं. पुढं काय करायचं ते काही कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळची घंटा वाजली आणि धोंडाक्का उठली नाही.

"आक्का, ऊठ गं. हजर म्हण."

"तूच म्हण. मी झोपलेय म्हणून सांग त्यांना."

"असं कसं सांगू?"

"तोंडानं."

कोतवालाची माणसं आली. म्हातारी काही उठेना. मग त्यांनी ती खाटेसकट उचलली आणि वाड्याच्या दरवाजासमोरच्या चौकात नेऊन ठेवली, भर उन्हात. सगळ्यांनी बघू दे, न उठणाऱ्याचं काय होतं ते. आणि तो चौक म्हणजे कसा, की वाड्यातून कुठंही जायचं तर त्यातूनच जावं लागे. दुसरी वाटच नव्हती. हे ध्यानात ठेवा हं.

साळूनं दोन गोधड्या उचलल्या आणि निघाली.  चौकात गेली, खाटेच्या खुरांना दोन काठ्या बांधून त्यांवर एक गोधडी टाकली आणि म्हातारीच्या डोक्यावर सावली केली.

"आक्का, माझं ऐक. एकदा हजर म्हण आणि घरी चल."

"साळे," म्हातारी म्हणाली, "माझं सगळं तरुणपण उठण्यात गेलं गं. आता मी दमले."

आणि तेवढ्यात घंटा वाजली. अगदी डोक्यावर. साळू दचकायची वाट बघत राहिली. पण काय झालं कुणास ठाऊक, ती दचकलीच नाही. दचकायलासुद्धा अंगात काही लागतं ना, ते उरलंच नव्हतं. ती दुसरी गोधडी अंगावर ओढून खाटेशेजारी फरशीवर आडवी झाली. डोळे मिटले. हजर म्हणाली नाही.

कृष्णी परटीण तान्ह्या पोराला काखेत घेऊन तिथून चालली होती. ती थांबली. कान देऊन म्हणाली, "घंटेचा आवाज जरा बारीक झाला का गं?"

साळूनं डोळे न उघडता म्हटलं, "झाला असेल. मी म्हणाले नाही."

कृष्णीनं घंटेकडं बघितलं. मग पोराला साळूशेजारी निजवलं आणि स्वतः पलीकडं पडली.

मग कुंभार आला, त्याची बायको आली. विणकर आले. हलवाई दुकान उघडं टाकून आला. प्रत्येकाच्या काखेत आपापली गोधडी. पंतोजीही आले. कुंभारानं डोळा उघडून विचारलं, "पंतोजी, तुम्ही? तुम्हाला तर राजा आवडत नाही."

"नाहीच आवडत," पंतोजी म्हणाले. "पण उद्या त्याच्यावर नवं गाणं करायचं तर आज झोप नको? सरका थोडे."

दुपारपर्यंत चौकात पाय ठेवायला जागा राहिली नाही. दूरच्या आळ्यांतली माणसंही आली. घंटा वाजत होती आणि कुणी हजर म्हणत नव्हतं. दर टोल्याला घंटा आकसत होती. लोक डोळे मिटून होते, पण सगळेच काही झोपलेले नव्हते, बरं का. कितीतरी जण भीतीनं ताठ पडून होते. साळूचं काळीज तर असं धडधडत होतं की वरची गोधडी हलत होती.

आता तिघं काय करणार? घंटेकरी म्हणाला, पाणी ओता, उठतील. पखालीच्या पखाली आणून ओतल्या. पण ऊन रणरणत होतं. कुणीतरी आवाज दिला, "इकडंही ओता रे दादा." कुणी उठलं नाही. तेवढी धोंडाक्का मात्र चिंब भिजली आणि खोकायला लागली.

मग कोतवाल म्हणाला, गोड देऊ. कढई चढवली, जिलब्या तळल्या. उठून हजर म्हणेल त्याला पानभर जिलब्या. वास असा सुटला म्हणता काय. एक चिमुरडी उठली, हजर म्हणाली, जिलब्या खाल्ल्या आणि परत येऊन आईच्या कुशीत शिरली. आईच्या पदराला सगळा पाक. आई पुटपुटली, "मला नाही आणलीस?"

मग सेनापती म्हणाला, पुरे झालं. वाड्याचा दरवाजा उघडा. शिपाई घ्या, चौक पार करा आणि डोंगरापलीकडं चला. एकदा ते काम झालं की हे लोक कुणासाठी झोपतात ते बघू.

दरवाजा करकरला. बाहेर आले शिपाई, रांगांवर रांगा. पहिल्या रांगेत बुटके, त्यात येसा. शिपायांचे डोळे लाल झाले होते. घंटा त्यांनाही झोपू देत नव्हती ना. समोर नुसत्या गोधड्या पसरलेल्या, लाल, निळ्या, विटक्या. सेनापतीनं घोडा पुढं घातला, तर घोडा कडेला येऊन थांबला. घोडा पडलेल्या माणसावर पाय ठेवत नाही. टाच मारली तरी ठेवत नाही.

शिपायांनी एकमेकांकडं बघितलं. कुणी पाऊल उचलेना.

"तुडवू नका हवं तर," सेनापती म्हणाला. "नुसतं ओलांडा. ओलांडायला काय जातंय? पण पुढं चला."

आता ओलांडणं म्हणजे मारणं नव्हे. शिपायांना तेवढा आधार पुरला. पहिली रांग निघाली. एकेक पाय उचलून, जपून, या अंगावरून, त्या अंगावरून. येसा चालला. एक गोधडी ओलांडली, दुसरी ओलांडली. तिसरी ओलांडली आणि त्याला तिच्यावर एक तिरका टाका दिसला.

गोधडीखालून हळूच आवाज आला, "येसा, ओलांडलंस. परत फीर."

साळूनं डोळे उघडले नव्हते. ती पावलं ओळखायला तिला कशाला बघायला लागतंय? ती परत म्हणाली, "माझं जाऊ दे. मी काही आता वाढायची नाही. माझ्या कुशीत कृष्णीचं पोर आहे. त्याला उलटं ओलांड. मी तेव्हा फिरले नाही रे. तू फीर."

येसा उभा राहिला. मागून सेनापती ओरडला, "पुढं चल." येसाच्या पुढं डोंगराची वाट होती आणि मागं सेनापतीचा घोडा. तो पायाखाली बघत होता. पोराची एक मूठ गोधडीबाहेर आली होती. उगाचच उघडत होती, मिटत होती.

येसानं पाय उचलला आणि उलटं ओलांडलं.

मग चौकातून आवाज यायला लागले. मोठ्यानं कुणी नाही बोललं. झोपेत बोलावं तसं. "अरे, कुणाचा रे तू? आईनं शिकवलं नाही का? फीर मागं." "बाबा, माझी पोर आधीच किरकोळ आहे, तिला नको रे ओलांडून जाऊ." "तू शेवंताचा ना? मी तुला न्हाऊ घातलंय. फीर."

शिपाई फिरले. एकेक करून, आल्या पावली, मोजूनमापून. कुणाला एखादी गोधडी चुकली असं वाटलं, तर तो पुन्हा पुढं जाऊन ती उलटी ओलांडून यायचा. पुढची रांग मागं आली, मागची रांग पुढं येत होती, दोन्ही एकमेकांवर आदळल्या. भाले अडकले. सेनापती ओरडून ओरडून घसा बसवून बसला.

येसानं भाला खाली ठेवला. पायांतले जोडे काढले, नीट जोडून ठेवले. बहिणीशेजारी हातभर जागा होती, तिथं अंग टाकलं.

"झाली का आता आपली फिट्टंफाट, ताई?"

"तुझी उंची अजून बाकीच आहे."

"असू दे," येसा म्हणाला आणि घोरायलाही लागला.

मग दुसरा शिपाई खाली बसला. मग तिसरा. कुणीतरी गोधडीचं टोक वर केलं आणि म्हणालं, "ये बाबा आत." एवढं सगळं सैन्य, कलंडत कलंडत झोपलं.

इकडं घंटेकरी दोरी ओढतच होता. घंटा वाजली. आता हजर म्हणायला नगरात उरले होते तीनच जण. सेनापती म्हणाला, हजर. कोतवाल म्हणाला, हजर. घंटेकरी म्हणाला, हजर. तिघांपुरती घंटा ती केवढी असणार? तिचा आवाज आला, टिण. पोराच्या वाळ्यातल्या घुंगरासारखा. इतका बारीक, की त्यानं माशीसुद्धा उडाली नाही. ते ऐकून घंटेकऱ्याच्या हातातली दोरी सुटली. किती वर्षांचा जागलेला होता तो. मनोऱ्याच्या पायरीवरच लवंडला. सेनापती उभ्या उभ्या दरवाजाला टेकून झोपला. कोतवाल तेवढा सिंहासनाखाली सापडला, जिलबीच्या पानासकट.

डोंगरापलीकडच्या पहारेकऱ्यांचंही तेच. बदली आली नाही, निरोप आला नाही. त्यांनी कडी काढली आणि म्हणाले, "महाराज, तुम्ही जा. आम्ही पडतो जरा." राजा कंबर धरून पायी निघाला. दिवेलागणीला चौकाच्या तोंडाशी आला. समोर बघतो तर सगळं नगर निजलेलं. पलीकडं त्याचा वाडा, मध्ये माणसंच माणसं. त्यानं एक पाय उचलला. मग परत खाली ठेवला. त्यालाही आई होतीच ना शिकवायला.

कडेला पंतोजी पडले होते. राजा वाकून म्हणाला, "जरा सरकता का?"

पंतोजींनी एक डोळा उघडला. "कोण?"

"मी. राजा."

"बरं," पंतोजी म्हणाले आणि सरकले.

सकाळी लोक उठले. कुणी नाचलं नाही, गुलाल उधळला नाही. अंग दुखत होतं सगळ्यांचं. कुणाची गोधडी कुणाकडं गेली यावरून दोन भांडणं झाली. सेनापतीला, कोतवालाला आणि घंटेकऱ्याला शेतांची राखण दिली, पाखरं हाकायची, दिवसा. मनोरा उतरवला. राजा पुढंही थोडं ऐके, थोडं विसरे, आणि मीठ काही लगेच स्वस्त झालं नाही. पंतोजींनी नवं गाणं केलं. पहिल्यापेक्षा वाईट होतं, म्हणजे राजासाठी वाईट.

धोंडाक्का मात्र उठली नाही. साळूनं हाक मारली, हलवली, परत हाक मारली. मग तिला कळलं. आक्काची झोप फार वर्षांची राहिली होती, ती एवढ्यात पुरी होणारी नव्हती. साळूनं आपली तिरक्या टाक्याची गोधडी तिच्या अंगावर घातली. येसानं आणि शिपायांनी खाट उचलली. चौकातून जाताना लोक बाजूला होत गेले आणि वाट होत गेली.

आणि घंटा? ती कृष्णीच्या पोराच्या पायात बांधली. ते पोर पुढं चांगलं ताडमाड वाढलं म्हणतात. ते अंगणात रांगायला लागलं की टिण टिण वाजायचं. साळू गोधडी शिवता शिवता दचकायची, सुई वाकडी जायची. येसा भाकरीचं ताट घेऊन बसलेला असायचा, म्हणायचा, "वाढ की ताई." ती वाढायची. आणि ते सगळे तसे बऱ्यापैकी सुखात राहिले.

झाली गोष्ट. पाय आत घ्या, पांघरूण नीट ओढा. आज कुणाला हजर म्हणायचं नाही, कुणी हाक मारणार नाही. दिवा त्या कोपऱ्यात आहे, तो मालवायला मला तुमच्या पलीकडं जायचंय. वळसा घालून जाते हं. कुणाला ओलांडत नाही. निजा.